हाफिजसाबांचे तीन दिवस

हाफिजसाब थांबले, तेव्हा अजीमला आधी वाटलं की ते श्वास घेत आहेत.

रमजानातल्या रात्रीच्या नमाजेची, तरावीहची, दहावी रकात चालू होती. रमजान यंदा ऐन डिसेंबरात आला होता; सतरंजीतूनही फरशीचा गारवा तळपायांना चढत होता, आणि पाच रांगा माणसं हात बांधून उभी होती. अजीम पहिल्या रांगेत, बरोबर हाफिजसाबांच्या पाठीमागे. ती त्याची ठरलेली जागा. रमजानात रोज रात्री थोडं थोडं करत हाफिजसाब कुराणाचे तीसही पारे तोंडपाठ म्हणत, आणि म्हणता म्हणता कुठे शब्द निसटलाच तर मागून तो हळूच पुढे करायचा, हे अजीमचं काम. त्याला लुकमा देणं म्हणतात. अजीम खरा सुतार. पण लहानपणी मदरशातून पळून येईपर्यंत त्याचे अठरा पारे पाठ झाले होते, आणि आलापल्लीत तेवढेही दुसऱ्या कोणाला येत नव्हते. चौदा वर्षांत त्याला तोंड उघडावं लागलं असेल ते फार तर दहा वेळा.

आज थांबायची जागा भलतीच होती. आई-बापासाठी दया मागणारी ती आयत, ती एक ओळ. गावातलं शेंबडं पोरही ती झोपेत म्हणून दाखवील. अजीमने पुढचा शब्द दिला. हाफिजसाबांनी तो घेतला नाही. त्याने पुन्हा दिला, जरा मोठ्याने. मग दुसऱ्या रांगेतून कोणीतरी तोच शब्द कुजबुजलं, तिसऱ्या रांगेतून आणखी कोणी, आणि शेवटी पार मागे उभ्या असलेल्या पोरांतूनही एक बारीक आवाज आला. हाफिजसाब तसेच उभे. शेवटी ती आयत तिथेच सोडून ते रुकूत वाकले. पुढच्या रकातीत त्यांनी तिच्या पुढून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत कुठे म्हणून अडखळले नाहीत.

आता सुटलेली आयत काही तशीच ठेवता येत नाही. सत्ताविसाव्या रोज्याला खत्म, म्हणजे सगळं म्हणून पुरं व्हायचं, आणि त्याच्या आत तिला परत घ्यावंच लागतं. दुसऱ्या रात्री हाफिजसाबांनी ती घेऊन पाहिली आणि तिथेच थांबले. एक दिवस सोडून पुन्हा पाहिली. पुन्हा तेच.

झालं. गावाला तेवढं पुरे होतं. आरागिरणीवर, बसस्टँडवर, सागवान डेपोच्या फाटकाशी, जिथे चार माणसं बसली तिथे हाच विषय. कोणी म्हणालं डोक्याला हवा लागली, कोणी म्हणालं साखर वाढली, आणि मशिदीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, ताबिश टायरवाला म्हणाला की सव्वीस वर्षांच्या इमामतीनंतर माणूस थकायचाच. ताबिश मनाचा वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्ट वेळेत आणि मापात झालेली त्याला आवडायची. त्याने चारचौघांत सांगून टाकलं: सत्ताविसाव्याच्या आत आयत झाली तर ठीक, नाहीतर खत्मासाठी नागपूरहून जवान हाफिज बोलवायचा, आणि ईदनंतर काय ते कायमचं पाहायचं. कायमचं पाहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मशिदीमागची दोन खोल्यांची जागा इमामाची होती. इमामत गेली की ती जागाही गेली.

अजीमच्या जिवाला ते लागलं. हाफिजसाब बालाघाटाकडचे, आले तेव्हा हिंदी बोलायचे, इथल्या मराठीत कधी शिरले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आलापल्लीत असं घर नव्हतं जिथे ते रडणाऱ्यापाशी बसले नव्हते. ताबिशचा बाप गेला तेव्हा ताबिश जेवेना, तर हाफिजसाब आठ दिवस त्याच्या घरी जाऊन त्याच्यासमोर आपलं ताट घेऊन बसायचे. मग त्यांचं काही दुखत असेल तर ते विचारायला कोणी नको का? आपणच जाऊ, असं अजीमने ठरवलं.

तो तीनदा गेला, आणि तिन्ही वेळा फजिती झाली.

पहिल्या दिवशी दाराची बिजागरी ठोकायचं निमित्त काढलं. खाली वाकताना त्याने कमरेला हात लावला तो हाफिजसाबांनी बरोबर हेरला. अर्ध्या तासाने अजीम बाहेर पडला तो हातात मालिशच्या तेलाची बाटली घेऊन. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वाटेवर त्यांना गाठलं. बोलता बोलता मदीहाचा विषय निघाला. मदीहा ही अजीमची मोठी पोर, दोनच महिन्यांपूर्वी कागजनगरला दिलेली. सासूशी तिचं अजून सूत जुळलं नव्हतं. हाफिजसाबांनी ते सगळं काढून घेतलं, सासूला कसं जिंकायचं ते समजावून सांगितलं, आणि अजीम हलका होऊन घरी आला. तिसऱ्या दिवशी त्याने दातओठ खाऊन सरळच विचारलं, तुमाले झालं तरी काय म्हणून. हाफिजसाब हसले, उमर झाली म्हणाले, आणि लगेच, तुझे डोळे लाल दिसतात, झोप येत नाही का, असं विचारलं. अजीम खरंच झोपला नव्हता. त्याचं कारण सांगण्यात पुढचा सगळा वेळ गेला.

घरी शकिला पोळ्या लाटत होती. नवऱ्याचा चेहरा पाहून ती काय ते समजली.

"तुमी विचाराले गेले होते का आपल्यालेच विचारून घ्याले?"

खरं होतं ते.

एकोणिसाव्या रोज्याला तो मदीहाला फोन करायला गुणवंतरावांच्या एसटीडीवर गेला. बसस्टँडलगतचा तो काचेचा डबा म्हणजे निम्म्या आलापल्लीचा फोन. बाहेरगावहून निरोप यायचा तो तिथेच, आणि गुणवंतराव पोरगं पाठवून ज्याला त्याला बोलावून आणायचे. फोन झाला. पैसे घेता घेता गुणवंतरावांनी सहज विचारलं, हाफिजसाब आता कसे आहेत, आई गेल्यापासून फारच कमी बोलतात.

अजीमला वाटलं, ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत.

"कोनाची आई?"

"त्यांची. तुमाले नाई माहीत? इथंच तर आला होता फोन. सकाळीच. तुमच्या पोरीचं लगन होतं त्या दिवशी. म्या म्हटलं, तुमी तर घरचेच मानसं."

अजीम बाकावर बसला. तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. अकरा वाजता निकाह होता. हाफिजसाब पांढरीशुभ्र शेरवानी घालून आले होते, थोडे उशिरा. कागजनगरच्या वऱ्हाडाशी त्यांनी हसून गप्पा केल्या, निकाहाचा खुतबा म्हटला, मदीहाच्या डोक्यावर हात ठेवला, जेवणाच्या पंगतीत बसून अजीमच्या आग्रहाखातर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दोन दिवसांनी गावाकडे काम आहे सांगून ते चार दिवसांची सुट्टी घेऊन गेले, आणि तेवढ्यावरूनही ताबिशने कुरकुर केली. कसलं काम, असं एकाही माणसाने विचारलं नाही. अजीमनेही नाही. तो तेव्हा मंडपाचे बांबू परत करण्यात गुंतला होता.

त्या रात्री त्याने शकिलाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची असरची नमाज झाल्यावर तो मशिदीमागे गेला. हाफिजसाब अंगणात उन्हाच्या तुकड्यात बसून मकतबातल्या, म्हणजे मशिदीच्या शाळेतल्या, पोरांची फाटलेली पुस्तकं सुईदोऱ्याने शिवत होते. नाहीदखाला, त्यांची बायको, उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. अजीमने यावेळी कसलंही निमित्त आणलं नव्हतं. तो समोर मांडी घालून बसला.

"हाफिजसाब, तुमच्या अम्माचं कळलं."

सुई थांबली. उंबऱ्याशी सुपाचा आवाजही थांबला.

"खालानं सांगतलं?"

"नाई. गुणवंतरावनं. त्याले वाटलं मले माहीत असन."

हाफिजसाबांनी दोरा दाताने तोडला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "दोन महिने झाले, अजीम. मयताचा पुरसा तीन दिवसांचा असते. तीन दिवसांच्या मागून जाऊन कोनाचं दुःख उकरू नये. मीच सांगतो ना तुमाले दरवेळी?"

"तुमीच सांगता. आन हेबी तुमीच सांगता, का ज्याले खबरच नोयती त्याची गोष्ट अलग. मले काल कळलं. माहे तीन दिवस आता सुरू झाले."

हाफिजसाब त्याच्याकडे पाहत राहिले. हे त्यांच्याच तोंडचं शास्त्र होतं, त्याला ते काय म्हणणार!

"मोठा मौलाना झाला," ते म्हणाले. आणि मग सवयीने, "तुही कंबर कशी..."

"कंबर राहू द्या जी."

नाहीदखाला उठून आत गेल्या. त्या दोन महिने नवऱ्याच्या शब्दाखातर गप्प होत्या. आत गेल्यावर त्यांच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

अजीमने विचारलं ते एवढंच, की सांगितलं का नाही. निकाह पढवायला सिरोंच्याहून कोणालाही बोलावता आलं असतं. निकाह दुपारी झाला असता, दुसऱ्या दिवशी झाला असता, काय आभाळ कोसळणार होतं? हाफिजसाबांनी आधी ते हसण्यावारी नेलं. अजीम हलेना, तेव्हा त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"वऱ्हाड दारात होतं. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तं लोकायनं का म्हटलं असतं? या पोरीच्या निकाहाच्या दिवशी इमामाच्या घरी मयत झाली. जिंदगीभर तिच्या नावाले चिकटलं असतं ते. सासरी भांडं फुटलं तरी तिचाच पाय दिसला असता. मी सव्वीस वर्षं या गावात आहो, मले माहीत नाई का?"

अजीमला रडू फुटलं. मदीहाला सासूची बोलणी खावी लागतात म्हणून तो या माणसापाशी गाऱ्हाणं घेऊन गेला होता, आणि या माणसाने ते नीट ऐकून घेतलं होतं. हाफिजसाबांचा हात आपोआप त्याच्या पाठीकडे गेला. अजीमने तो मधेच धरला आणि आपल्या दोन्ही हातांत ठेवला.

"आज माह्या पाठीवर नोका ठेवू हा हात."

मग हाफिजसाब बोलू लागले. एकदम नाही. अम्माला अरबीतलं पहिलं अक्षर अलिफसुद्धा वाचता येत नव्हतं. सातव्या वर्षी तिने त्यांना मदरशात घातलं. सुट्टीत घरी आले की ती चुलीपाशी बसवून पाठ म्हणायला लावायची. तिला त्यातला शब्द कळायचा नाही, पण पोरगं अडलं की कळायचं. अडलं की ती लाटणं थांबवायची आणि परत सुरू होईपर्यंत तशीच बसायची, तव्यावरची रोटी जळाली तरी. सांगायला तिच्यापाशी शब्द नव्हता ना.

"तिची एकच गोष्ट होती. म्हने, माह्या जनाज्याची नमाज तूच पढव. लहान होतो तवापासून कबूल केलं होतं. इथल्या किती लोकायच्या जनाज्यासमोर उभा राह्यलो मी, तूच सांग. आन त्या दिवशी फोनवर मीच म्हटलं, माही वाट नोका पाहू, दुपारच्या जोहरच्या आधी माती द्या." ते थांबले. "ती आयत आली का मले वाटते, कोन्या तोंडानं म्हनू? भुललो नाई रे मी. भुलन कसा?"

अजीमने हात सोडला नाही. भिंतीवरचं ऊन वर सरकलं.

"आता तुले पोरीच्या निकाहाची तारीख आठवली का माही अम्माच आठवन," हाफिजसाब शेवटी म्हणाले. "याच्यासाठीच सांगतलं नोयतं."

"आठवू द्या," अजीम म्हणाला. "एकटे तुमीच काऊन आठवान?"

त्या संध्याकाळी नाहीदखालांनी चूल पेटवायला घेतली तेव्हा शकिला झाकलेली परात घेऊन दारात हजर. ज्या घरी मयत झाली तिथे तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. हे काय खालांना सांगायला हवं होतं? शकिलाने त्यांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि आपल्या पदरात बांधली. इफ्तारीला खिचडी आली, पहाटेच्या सहरीला रोट्या आणि खिमा. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून आलं, तिसऱ्या दिवशी आठ. ठेवायला जागा उरली नाही. शकिलाने कोणाला काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक, पण येणारा प्रत्येक माणूस दारातच म्हणायचा, "हाफिजसाब, आमाले आताच कळलं." सगळ्यांचे तीन दिवस नव्याने सुरू झाले होते.

खरी पंचाईत वेगळीच होती. पुरसा द्यायला आलेला माणूस दोन मिनिटं गप्प बसायचा आणि मग त्याला आपलं काहीतरी आठवायचं. कोणाच्या पोराची नोकरी, कोणाचा भावाशी अबोला. हाफिजसाब लगेच सरसावून बसायचे. तीन-चारदा असं झाल्यावर नाहीदखाला पडद्याआडून बाहेर आल्या, आणि ज्या बाईचा आवाज सव्वीस वर्षांत मोहल्ल्याने नीट ऐकला नव्हता तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आपलं गाऱ्हाणं घेऊन आलेल्याने ईदनंतर यावं. हाफिजसाब ओशाळून हसले. पण त्यानंतर ते ऐकायचे कमी आणि सांगायचे जास्त. अम्मा बकऱ्यांना नावं कशी ठेवायची, पहिल्या पगारातून पाठवलेलं लुगडं तिने कसं बारा वर्षं नेसलं नाही. मदीहा कागजनगरहून बसने आली. ती त्यांच्या पायाशी बसून रडली नाही की माफी मागत बसली नाही. तिने विचारलं, दादी दिसायला कशी होती? त्याला उत्तर द्यायला हाफिजसाबांना संध्याकाळच्या मगरीबच्या अजानीपर्यंतचा वेळ लागला.

जंगलातल्या गावाहून लटारू आला. त्याच्या लेकराच्या तापावर हाफिजसाबांनी कधी काळी पाणी फुंकून दिलं होतं, तेव्हापासून तो आठवडी बाजाराला आला की सलाम करून जायचा. मधाची बाटली भिंतीशी ठेवून तो उकिडवा बसला. तासभर काही बोलला नाही, हाफिजसाबही बोलले नाहीत. मग तो उठून आपल्या वाटेने गेला. अजीमला वाटलं, इतकी माणसं येऊन गेली, त्यात सगळ्यात बरं हाच बसला.

ताबिश तिसऱ्या दिवशी आला. सगळ्यांत उशिरा. ताट घेऊन आला होता, आणि ते हाफिजसाबांसमोर ठेवून स्वतः समोर बसला. रोजा सुटायला अजून वेळ होता, जेवायचा प्रश्नच नव्हता, तरी तो बसून राहिला. नागपूरच्या हाफिजाचं त्याने काढलं नाही. पण सत्ताविसावा रोजा पाच दिवसांवर आला होता आणि ती आयत अजून राहिलेलीच होती, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या रात्री मशिदीत सात रांगा झाल्या. बाराव्या रकातीत हाफिजसाबांनी चालू पारा बाजूला ठेवला आणि मागचं धरलं. अजीमला पहिल्याच शब्दाला कळलं. बाकीच्यांनाही कळलं असणार, कारण रांगांतली चुळबुळ थांबली.

आयत आली, आणि आवाज थांबला.

शब्द अजीमच्या जिभेवर तयार होता. चौदा वर्षांची सवय, ओठ उघडलेसुद्धा. त्याने ते मिटून घेतले. मागून कोणी तरी देईल या भीतीने त्याचे कान तापले. पण मागून कोणी दिला नाही. दुसऱ्या रांगेतून नाही, तिसऱ्यातून नाही, पोरांच्या रांगेतूनही नाही. कोणाला तरी खोकला आला तो त्याने घशातच दाबला. बाहेरच्या रस्त्यावरून सागवानाचा ट्रक गेला, त्याचा आवाज पार नागेपल्लीच्या दिशेने विरला, आणि तरी शंभर माणसं हात बांधून तशीच उभी होती. अजीमचे पाय गारठले होते. समोरची पाठ हलत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि त्याला त्या पाठीची इतकी माया आली की त्याचे डोळे वाहू लागले, आणि नमाजेत हात बांधलेले असल्यामुळे ते तसेच वाहू द्यावे लागले.

मग आवाज आला. आधी बसका, फाटका. एकेक शब्द ठेवत हाफिजसाबांनी ती आयत पुरी केली, क्षणभर थांबले, ती पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हटली, आणि पुढे गेले.

बारा रकाती झाल्या की थोडा विसावा असतो. सलाम फिरवल्यावर ताबिश गुडघ्यांवर सरकत अजीमपाशी आला. त्याचाही आवाज बसला होता.

"काऊन जी, तुले शब्द आठवला नाई का?"

"आठवला."

"मंग?"

"त्याहिले येत होतं, भाऊ."

ताबिशने मान हलवली आणि तो तिथेच, पहिल्या रांगेत, अजीमच्या शेजारी बसला. विसावा रोज पाच मिनिटांचा असतो, त्याहून जास्त वेळ गेला. हाफिजसाब मेहराबीच्या कमानीकडे तोंड करून बसले होते, आणि ते स्वतः उठेपर्यंत कोणी उठलं नाही.